ती जायच्या आधी सांगायला तरी आली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रात एका वाचकानं 'द लास्ट ऑफ अस' या इंग्रजी सिरीयलबद्दल लिहिलेलं. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या सीझनचा सातवा भाग म्हणजे नुसती भरती आहे, मेन माणूस तिकडं पोटात जखम होऊन मरायला टेकलाय आणि ह्यांनी आख्खा तासभर दोन शाळकरी पोरी मॉलमधे हिंडतात तेच दाखवलं, ते पण प्रेम वगैरे, तो भाग सोडून सरळ आठवा बघितला तरी काही बिघडत नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं. मला ते अजिबात पटलं नाही म्हणून पेन हातात घेतलंय. मी काही सिनेमातली जाणकार नाही, मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते, पंचवीस वर्षं झाली, पण हा भाग मी माझ्या लेकीबरोबर तीन वेळा बघितला आणि त्यातलं मला जे दिसलं ते लिहिते, बरोबर वाटलं तर छापा.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या गोष्टीत २००३ साली एक बुरशी माणसांच्या डोक्यात शिरते आणि जग मोडतं. अशी बुरशी खरोखर आहे बरं का, ती मुंग्यांना धरते, मुंगी मग झाडावर चढून पानाच्या शिरेला चावा घेऊन तशीच लटकून मरते, माणसाला ती होत नाही, पण कल्पना तिथून घेतलीय. वीस वर्षांनी एली नावाची चौदा वर्षांची पोरगी आणि जोएल नावाचा माणूस देश ओलांडत निघालेत, कारण एलीला त्या रोग्यांनी चावूनही रोग होत नाही. सहाव्या भागाच्या शेवटी जोएलला जखम होते आणि तो घोड्यावरून खाली पडतो. सातवा सुरू होतो तेव्हा बाहेर बर्फ, रिकाम्या घराचं तळघर, जोएल खाली पडलेला, आणि तो तिला म्हणतो तू जा, मला सोड, उत्तरेला माझ्या भावाकडं जा. ती त्याच्या अंगावर त्याचंच जाकीट टाकते, वर जाते, दाराजवळ पोचते आणि तिथंच थांबते.

आणि तिथून तिला जुनं आठवतं. त्या वाचकांनी हेच धरलं नाही असं मला वाटतं. मधेच गोष्ट थांबवलेली नाही ओ, ती पोरगी दाराच्या मुठीला हात लावून उभी आहे आणि तिच्या मनात जे चाललंय तेच आपण तासभर बघतोय.

तर बोस्टनमधे मिलिटरीची शाळा आहे, एली तिथं राहते, आणि तिची जीवाभावाची मैत्रीण रायली तीन आठवड्यांपासून गायब आहे. एक रात्री रायली खिडकीतून आत येते. ती सरकारच्या विरोधातल्या फायरफ्लाय लोकांत गेलेली असते. म्हणते चल, तुझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी रात्र दाखवते. गच्च्यांवरून उड्या मारत दोघी एका बंद मॉलमधे जातात, जिथं कुणीच जात नाही कारण आत सगळे रोगी आहेत अशी आवई असते. रायली खटका ओढते आणि आख्खा मॉल उजळतो.

त्या एका सीनसाठी मी तीन वेळा बघितलं म्हणलं तरी चालेल. एली जन्मली तेव्हा जग आधीच मोडलेलं होतं. तिनं चालू दुकान बघितलं नाही, चालू रस्ता बघितला नाही, आणि सरकता जिना तर कधीच नाही. ती त्याला विजेचा जिना म्हणते, आधी लांबून बघते, मग पाय ठेवते, आणि मग तिला इतकं हसू येतं की ती खाली येणाऱ्या जिन्यावरनं उलटी वर पळायला लागते. माझी आई विडी कामगार होती, आयुष्यभर सुपात तंबाखू आणि पानं घेऊन बसली, तिला आम्ही एकदा पुण्याला मॉलमधे नेलेलं, तर ती त्या जिन्यापुढं निऱ्या हातात धरून पाच मिनिटं उभी होती, मागची माणसं बाजूनं जात होती आणि ती नुसती पायऱ्या जमिनीतून निघतात कशा ते बघत होती. शेवटी माझ्या लेकीनं तिचा हात धरला तेव्हा ती चढली, आणि वर गेल्यावर म्हणाली परत एकदा जायचं का. एलीचं तोंड बघून मला आईचंच तोंड आठवलं.

लेक म्हणाली, आई, हे आमच्यासारखंच आहे की. मी म्हणलं कसं काय. तर म्हणाली, तुम्ही सगळे सारखं मिल मिल करता, भोंगा वाजायचा, पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरायचा, आम्ही तर नुसती चिमणी बघितली, चिमणीखाली काय होतं ते आम्हाला तुमच्या बोलण्यातनंच माहिती. ती २००५ ची. सोलापूरची जुनी मिल १८७७ ला निघाली, मग एकामागं एक निघत गेल्या, गिरणगाव म्हणून नाव झालं, आणि तिच्या जन्मापर्यंत सगळा बाजार उठलेला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आम्ही पोरांना घरात जे सांगत बसतो ते त्यांना कसं ऐकू येत असेल. एलीला तो मॉल जसा, तसं माझ्या पोरीला आमचं सोलापूर.

आता प्रेमाचं. त्या वाचकांनी लिहिलंय की पोरवयातलं प्रेम हा काय दाखवायचा विषय आहे, जग बुडालंय आणि ह्यांना प्रेम सुचतंय. साहेब, आपल्या गावची सगळ्यात मोठी जत्रा कशावर उभी आहे? सिद्धरामेश्वरांवर एका कुंभाराच्या पोरीचं मन बसलं, ते संन्यस्त, लग्न करणार नाहीत, तरी तिनं हट्ट सोडला नाही तेव्हा त्यांनी आपला योगदंड दिला आणि म्हणले याच्याशी लग्न लाव. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर तेच लग्न लागतं, सात नंदीध्वज येतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, 'सत्यम्‌ सत्यम्‌ दिड्डम्‌ दिड्डम्‌' म्हणलं की लाखो हातातनं अक्षता पडतात. आणि दुसऱ्या दिवशी संक्रांतीला होम, कारण गोष्टीत ती पोरगी अग्नीत जाते. बाराव्या शतकातली गोष्ट म्हणतात, म्हणजे नऊशे वर्षं झाली, आणि अजून आम्ही त्या पोरीसाठी उन्हात उभं राहून अक्षता टाकतो, तिचं वय किती होतं असं कुणी विचारत नाही.

दुसरी हरकत त्यांनी उघड लिहिली नाही पण ओळींमधनं कळते, की दोन्ही पोरी आहेत. त्यावर मी एवढंच म्हणते, २०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं प्रेम गुन्हा नाही, आणि मला तर बघताना तो प्रश्न पडलाच नाही. एली तिच्या मैत्रिणीकडं बघते, मैत्रिणीचं लक्ष नसताना बघते, आणि तिनं बघितलं की पटकन दुसरीकडं बघते. हे कुणी केलं नाही आयुष्यात? बेला रॅम्झी आणि स्टॉर्म रीड या दोघींनी ते इतकं खरं केलंय की माझी लेक मधे मधे थांबवून इंग्रजी समजावून सांगायची ते पण एवढ्या सीनला तिनं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही. स्टॉर्म रीडला या एकाच भागासाठी एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालंय.

हा भाग लिहिलाय नील ड्रकमन यांनी, म्हणजे ज्या व्हिडिओ गेमवरनं सिरीयल केली तो गेम पण त्यांचाच, २०१३ चा, आणि मॉलची गोष्ट त्या गेमला नंतर जोडलेली, २०१४ ला १४ फेब्रुवारीला काढली होती असं लेकीनं सांगितलं. म्हणजे सिरीयलवाल्यांनी वेळ काढायला मधेच काहीतरी घातलं हे तसंही खरं नाही, ही गोष्ट नऊ वर्षं आधीची आहे. सिरीयलमधे आली ती २०२३ च्या २६ फेब्रुवारीच्या रात्री अमेरिकेत, आपल्याकडं २७ ची सकाळ झालेली.

असो. मॉलमधे एक घोड्यांचा गोल पाळणा आहे, तो फिरतो, गाणं वाजतं, दोघी समोरासमोर घोड्यावर, आणि मधेच तो बंद पडतो. तिथं मला लेकीला थांबव म्हणावं लागलं.

१९९५ चा जानेवारी. मी सोळाची. वडील मिलमधे साचेखात्यात होते आणि मिल बंद पडायला आलेली, पगार अर्धे, मग तेही नाहीत. आमच्या चाळीत पलीकडच्या खोलीत एक मुलगा होता, नाव लिहित नाही, त्याचे वडील पण तिथंच. आमचं काय बोलणं व्हायचं म्हणाल तर नळावर पाणी भरताना, आणि तो मला जुनी गणिताची गाईड द्यायचा ज्यात त्यानं बारीक पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली असायची. बस एवढंच. त्या वर्षी गड्ड्यात, म्हणजे त्याच सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, चाळीतली सगळी पोरं मिळून गेलो, होम मैदानावर मोठा उभा पाळणा लागलेला, आणि बसताना कसं कोण जाणे मी आणि तो एका पेटीत आलो, माझी धाकटी बहीण मधे. आमची पेटी वरच्या टोकाला गेली आणि लाईट गेली. पाळणा थांबला. खाली सगळा गड्डा एकदम काळा, लोकांचा ओरडा, मग हळूहळू दुकानदारांनी गॅसबत्त्या पेटवल्या तशा एकेक ठिपका दिसायला लागला, आणि तळ्याकडनं गार वारं यायला लागलं. मी लोखंडी दांडा धरलेला, तो इतका गार होता की अजून तळहाताला जाणवतो, आणि त्यानं त्याचा मफलर काढून दांड्याला गुंडाळला, जिथं माझा हात होता तिथं. बोलला काहीच नाही. दहा मिनिटं असेल. लाईट आली, आम्ही खाली आलो, बहिणीला बत्तासे घेतले, घरी आलो.

आठ दिवसांनी त्यांच्या खोलीला कुलूप. भिवंडीला गेले म्हणले, तिकडं यंत्रमागावर काम मिळालं. पहाटेच्या गाडीनं गेले, चाळीत कुणालाच आधी सांगितलं नव्हतं कारण वाण्याची उधारी राहिलेली. त्याला माहिती होतं, पाळण्यात बसला तेव्हाही माहिती असणार, कारण सामान काय एका रात्रीत बांधून होत नाही. मी त्याला दोष देत नाही, सतरा वर्षांचं पोरगं, बापानं सांगितलं असणार कुठं बोलू नको. तेव्हा सोलापुरातनं किती घरं अशी गेली त्याची मोजदाद नाही, कुणी भिवंडी, कुणी सुरत, कुणी इचलकरंजी. पण मला कितीतरी दिवस फक्त एवढंच वाटायचं की जाताना सांगायला पाहिजे होतं.

रायली सांगायला येते. तिला अटलांटाला पाठवणार असतात, तिचा बोस्टनमधला शेवटचा दिवस, आणि ती पकडली जायचा धोका घेऊन खिडकीतून एलीकडं येते. सगळी रात्र, तो जिना, तो पाळणा, फोटो काढायची पेटी, ते व्हिडिओ गेमचं दुकान, हे सगळं तिनं आधीच जाऊन शोधून ठेवलेलं असतं, जसं आपण घरी कुणी येणार म्हणलं की आवरून ठेवतो तसं. एक फालतू विनोदांचं पुस्तक पण आणलेलं असतं कारण एलीला ते आवडतात. आणि तरी सांगताना तिची जीभ अडखळते. एली चिडते, निघून पण जाते, मग परत येते. परत येते तेव्हा रायली जे सांगते ते ऐका, की तुला आईबाप आठवत नाहीत, मला आठवतात, माझी माणसं होती आणि गेली, आणि आता फायरफ्लायवाल्यांनी मला निवडलं, मी कुणाच्यातरी उपयोगाची आहे. सरकारनं तिला नेमणूक काय दिलेली माहिती आहे का, मैला काढणाऱ्या माणसांवर पहारा द्यायचा. सतराव्या वर्षी आयुष्य तिथं बसवलं तर पोरगी पळणारच की. तिचं जाणं बरोबर आहे आणि एलीचं रडणं पण बरोबर आहे, दोघींतली कुणी चुकीची नाही, आणि अशी भांडणं लिहायला अवघड असतात, आपल्याकडच्या सिरीयलमधे एक कुणीतरी वाईट लागतंच.

मग दोघी तोंडाला भुतांचे मुखवटे लावून दुकानातल्या काचेच्या काउंटरवर चढून नाचतात, आणि एली नाचता नाचता थांबते. मुखवटा काढते. म्हणते, नको जाऊस. आणि रायली म्हणते, बरं. तेवढंच. मनातलं एकमेकींना कळतं, दोघी हसतात, आता पुढं काय करायचं असं विचारतात, आणि त्याच मिनिटाला एक रोगी धावून येतो. दोघींना चावतो. एलीच्या हाताच्या कोपराखाली, रायलीच्या पंज्यावर.

पिस्तूल असतं. पण रायली म्हणते तो रस्ता नको. दोन मिनिटं मिळोत नाहीतर दोन दिवस, एकमेकींबरोबर आहेत तेवढे सोडायचे नाहीत. पुढं काय झालं ते दाखवत नाहीत आणि ते बरं केलं, आपल्याला माहितीच आहे की एली जगली.

आणि इथं ती परत त्या घरात आहे, बर्फ, दार. ती बाहेर जात नाही. वळते आणि स्वयंपाकघरातले कप्पे उपसायला लागते. एक ओढते, फेकते, दुसरा ओढते. हातात काय सापडतं तर सुई आणि दोरा.

माझं आयुष्य सुई-दोऱ्यात गेलं म्हणून सांगते, हे बघताना माझ्या अंगावर काटा आला. मशीनवर दिवसाला किती शर्टाच्या कॉलरी निघतात, दोरा तुटला की बोटं आपोआप ओवतात, बघावं पण लागत नाही. पण हातशिलाईची सुई वेगळी. थंडीत बोटं आखडली की नेढ्यात दोरा जात नाही, टोक ओलं करून चपटं करावं लागतं, श्वास धरावा लागतो. त्या पोरीनं आयुष्यात कधी शिवलं असेल असं वाटत नाही. ती खाली जाते, तो तिचा हात धरतो, काही बोलत नाही, आणि ती त्याच्या पोटाच्या कातडीत पहिला टाका घालते. कापड ओढलं की वळतं, कातडी वळत नाही, ती ताणते, हे त्यात दिसतं. लॉकडाऊनमधे मशीन घरी आणून मी मास्क शिवले तेव्हा रात्री दोन दोन वाजेपर्यंत बसायचे आणि लेक शेजारी दोरे कापत बसायची, ती हे बघताना माझ्या दंडाला धरून बसलेली.

तो म्हणाला होता जा. रायली थांबते म्हणाली होती आणि तिला थांबता आलं नाही. मग ही कशी जाईल? त्या मॉलमधली रात्र काढून टाकली तर सुई सापडते ती नुसती एक सुई. दिग्दर्शिका लायझा जॉन्सन यांनी जादा काही दाखवलं नाही, कुणाच्या तोंडी भाषण नाही, फक्त कप्पे उघडण्याचा आवाज.

लेकीनं शेवटी मला विचारलं, आई, त्यानं पाळण्यात सांगितलं असतं तर तू काय म्हणली असतीस? मी म्हणलं काय म्हणणार, बहीण मधे होती. ती म्हणाली तरी. मी उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पण खरं सांगायचं तर एलीनं जे म्हणलं तेच म्हणले असते, आणि त्याला काही थांबता आलं नसतं.

या जानेवारीत आम्ही दोघी गड्ड्यात गेलो. कोरोनात गड्डा भरला नव्हता तेव्हा आम्ही एकदा होम मैदानाकडनं गेलेलो, नुसती माती आणि कुत्री, लेक म्हणालेली हे किती लहान दिसतंय. आता परत सगळं होतं, धूळ, भज्यांचा वास, बांगड्यांची दुकानं. ती तिच्या मैत्रिणींबरोबर पाळण्यात बसली, मी खाली तिकिटाच्या खिडकीजवळ उभी होते, तिची पर्स आणि चपला धरून. लाईट गेली नाही.

त्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी सातवा भाग सोडू नये, आणि सोडला असेल तर आठव्याच्या आधी बघावा. आठव्यात ही पोरगी एकटी बर्फात हरीण मारते आणि ते हरीण देऊन जोएलसाठी पेनिसिलीन मागते. आणि नवव्यात, शेवटच्या सीनमधे, ती जोएलला मेलेल्या माणसांची नावं सांगते, त्यात सगळ्यात पहिलं नाव रायलीचं येतं. सातवा न बघता ते नाव ऐकलं तर ही कोण असं वाटेल.

पत्र मोठं झालं, कापायचं असेल तर मिलचं कापा, मॉलचं ठेवा. नाव छापू नये ही विनंती, चाळीतली माणसं अजून गावात आहेत.

आपली वाचक,
एक शिलाई कामगार, सोलापूर